अन्नावरची वासना का उडते? : मूत्रपिंडाचा विकार आणि भुकेची संप्रेरके

मार्गशीर्षात धानाची मळणी उरकत आली की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी नव्या तांदळाचा भात शिजू लागतो. भातगिरण्यांची धडधड वाढते आणि वर्षभर हात राखून खाणारी माणसेही या दिवसांत चार घास अधिक खातात. अशा भरल्या घरातही एखादे माणूस ताटावर बसते, दोन घास कसेबसे गिळते आणि ताट बाजूला सारते. भाताचा वाससुद्धा त्याला नकोसा होतो. तोंडाला सदा एक कडवट, लोखंड चघळल्यासारखी चव असते. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या घरी हा प्रसंग रोजचाच होय.

याला आपण 'अन्नावरची वासना उडाली' असे म्हणतो आणि तिचे कारण बहुधा रुग्णाच्या स्वभावात शोधतो. आजाराने तो हट्टी झाला, त्याने मन मारले, सुनेच्या हातचे त्याला रुचत नाही, असे अनेक तर्क होतात. क्वचित बाहेरची बाधा झाली असेल म्हणून जाणत्याकडेही नेले जाते. या साऱ्यात काही आठवडे निघून जातात आणि तेवढ्यात रुग्णाच्या अंगावरचे मांस झडते. वास्तविक भूक ही केवळ मनाची इच्छा नव्हे. ती रक्तातून मेंदूकडे जाणाऱ्या काही रासायनिक संदेशांची परिणती आहे आणि मूत्रपिंडे थकली की नेमके हेच संदेश बिघडतात. हे एकदा ध्यानात आले म्हणजे रुग्णाशी बोलण्याची रीत बदलते आणि उपाययोजनाही योग्य ठिकाणी होऊ लागते.

भूक लागते म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक छोटासा भाग आहे. तहान, झोप, शरीराचे तापमान यांबरोबरच भुकेचे नियमनही तेथून होते. या भागात परस्परविरोधी काम करणाऱ्या दोन प्रकारच्या चेतापेशी आहेत. एक गट 'खा' म्हणतो, दुसरा 'पुरे' म्हणतो. कोणत्या गटाचे ऐकावयाचे हे शरीरातील निरनिराळ्या अवयवांकडून रक्तावाटे येणाऱ्या संप्रेरकांवर ठरते.

'पुरे' असा निरोप देणाऱ्यांतील प्रमुख संप्रेरक म्हणजे लेप्टिन. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचा शोध लावला. ते शरीरातील चरबीच्या पेशींत तयार होते. चरबीचा साठा पुरेसा आहे, आता अधिक खाण्याची निकड नाही, असे ते मेंदूला कळविते. उलट 'खा' असे सांगणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होते. जेवणापूर्वी रक्तातील त्याचे प्रमाण चढते आणि जेवल्यावर उतरते. मासायासु कोजिमा व केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने डिसेंबर १९९९ मध्ये ते जगापुढे आणले. त्याच वर्षी १ मे रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा आपला जिल्हा आणि भुकेच्या संप्रेरकाचे ज्ञान ही एका वयाची आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. शिक्षकांना वर्गात सन लक्षात आणून देण्यासाठी हा योगायोग उपयोगी पडेल.

या दोहोंखेरीज आतड्यातून स्रवणारी, पोट भरल्याची जाणीव करून देणारी कोलेसिस्टोकायनिनसारखी आणखी काही संप्रेरके आहेत. त्यांच्या तपशिलात येथे शिरावयास नको.

भुकेचे संप्रेरक वाढलेले, भूक मात्र नाही

आपली मूत्रपिंडे केवळ लघवी तयार करतात, हा समज अपुरा आहे. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक परत रक्तात घेतात. या गाळणीत टाकाऊ युरियाबरोबरच काम संपलेली संप्रेरकेही रक्तातून बाजूला होतात, मोडली जातात. टपाल वाटून झाल्यावर जुनी पत्रे रद्दीत जावीत, तशी ही व्यवस्था आहे. मूत्रपिंडांची कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या खाली गेली की विकार शेवटच्या टप्प्यात आला असे मानतात. त्या वेळी ही रद्दी रक्तातच साचू लागते. मेंदूपर्यंत जुने आणि नवे निरोप एकत्रच पोहोचतात.

लेप्टिनचे असेच होते. ते मूत्रपिंडांवाटे निघून जावयाचे ते जात नाही. त्यामुळे रुग्ण हाडकुळा झाला तरी त्याच्या चरबीच्या मानाने लेप्टिनची पातळी चढलेली आढळते. घरात धान्य संपत आले असताना कोठार भरलेले आहे अशी वर्दी मेंदूला मिळत राहावी, असा हा प्रकार आहे. लेप्टिनचा रेणू युरियाच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे साध्या प्रकारच्या डायालिसिसमध्ये तो फारसा गाळलाही जात नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मूत्रपिंडे निकामी केलेल्या उंदरांमध्ये लेप्टिनचा निरोप पुढे नेणारा मेंदूतील मार्ग अडविण्यात आला. तेव्हा ते उंदीर इतर आजारी उंदरांप्रमाणे खंगले नाहीत. माणसाच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. लेप्टिन अधिक असण्याचे कारण कधी कधी अंगावर चरबी शिल्लक आहे एवढेच असते, आणि डायालिसिसवरील रुग्णाला ती चरबी तारकच ठरते. म्हणून लेप्टिनच्या एका आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

घ्रेलिनची हकीकत अधिक चमत्कारिक आहे. या रुग्णांना भूक लागत नाही, त्या अर्थी भुकेचे संप्रेरक कमी झाले असावे, असे कोणासही वाटेल. २००२ साली जपानमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा ते अंतिम टप्प्यातील रुग्णांत निरोगी मूत्रपिंडे असलेल्यांच्या मानाने सुमारे २.८ पट वाढलेले दिसले! मग भूक कोठे गेली?

याचे उत्तर घ्रेलिनच्या रचनेत आहे. २८ अमिनो आम्लांच्या या साखळीला एका ठिकाणी आठ कार्बन असलेल्या मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. ही शेपटी म्हणजे किल्लीचे दाते समजावेत. ती असेल तरच मेंदूतील भुकेचे कुलूप उघडते. शेपटी नसलेले घ्रेलिन त्या कुलपात बसत नाही आणि काही प्रयोगांत तर त्याने भूक उलट दबल्याचे दिसले आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात जे घ्रेलिन साचते ते बहुतांशी या बिनशेपटीच्या प्रकारचे असते. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा मोठा झाला, पण त्यातील बहुतेक किल्ल्यांना दातेच नाहीत.

यात आणखी भर पडते ती शरीरात धुमसणाऱ्या दाहाची. डायालिसिससाठी मानेत वा मांडीत बसविलेल्या नळीचा जंतुसंसर्ग, किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या, वरचेवर येणारा बारीक ताप यांमुळे रक्तात जी दाहकारक द्रव्ये वाढतात तीही अधश्चेतकातील 'पुरे' म्हणणाऱ्या पेशींना चिथावतात. रक्तातील आम्लता वाढलेली असते. जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. लाळेतून येणाऱ्या युरियाचे तोंडातील जंतू अमोनियात रूपांतर करतात आणि त्यामुळेच तोंडाला ती चमत्कारिक चव येते. डाळ, अंडी, मासळी यांचा तिटकारा प्रथम येतो. भात त्या मानाने बराच काळ चालतो.

१९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० रुग्णांवर याची मोजदाद झाली. कोणतेही बंधन न घालता रुग्ण आपणहून किती प्रथिने खातात, हे पाहण्यात आले. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ५० मिलिलिटरहून अधिक होती तेव्हा हे प्रमाण दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम होते. क्षमता १० मिलिलिटरच्या खाली गेल्यावर ते ०.५४ ग्रॅमवर आले. आहार जवळजवळ निम्म्यावर आला आणि तो कोणी सांगितले म्हणून नव्हे. हळूहळू, महिन्यामहिन्याने घट झाल्यामुळे ना रुग्णाच्या ते लक्षात आले, ना घरच्यांच्या.

पथ्याचा जुना कागद

या ठिकाणी एका घातक गैरसमजाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मूत्रपिंडे दुबळी झाली पण डायालिसिस सुरू झालेला नाही, अशा काळात डॉक्टर प्रथिने बेताने खावयास सांगतात. दर किलो वजनामागे रोज साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. मूत्रपिंडांवरील भार हलका व्हावा हा त्यामागचा हेतू. हा सल्ला कागदावर लिहून मिळतो, घरी येतो आणि चुलीजवळच्या खिळ्याला अडकविला जातो. पुढे वर्षा-दोन वर्षांनी डायालिसिस सुरू होतो. कागद मात्र तेथेच राहतो.

डायालिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटा होतो. यंत्रातून रक्त गाळताना प्रत्येक खेपेस काही ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. शिवाय शरीराची झीजही वाढते. म्हणून अशा रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. पूर्वीच्या दीडपट ते दुपटीपर्यंत. एकीकडे संप्रेरकांमुळे भूक मेलेली आणि दुसरीकडे घरातील माणसे मोठ्या निष्ठेने डाळ, अंडी, मासळी बंद ठेवून बसलेली, अशा दुहेरी कात्रीत रुग्ण सापडतो. पथ्य पाळल्याचे समाधान घरच्यांना असते, एवढेच. प्रस्तुत लेखकाच्या मते आजारपणातील उपासमारीचा हा प्रकार सर्वांत टाळण्याजोगा आहे, कारण त्याच्या मुळाशी दारिद्र्यापेक्षाही जुना कागद असतो.

याचे परिणाम हलके नाहीत. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डायालिसिसवरील ३३१ रुग्णांपैकी ३८ टक्क्यांनी भूक मंदावल्याचे सांगितले आणि पुढील काळात त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण चांगली भूक असणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले.

धानाच्या मुलखातील ताट

गोंदिया, तिरोडा, आमगावपासून अर्जुनी-मोरगाव, देवरी, सालेकसापर्यंत जेवण म्हणजे भात. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या दृष्टीने ही गोष्ट वाईट नाही. पांढऱ्या तांदळात पोटॅशियम व फॉस्फरस ही या रुग्णांना बाधणारी द्रव्ये थोडी असतात आणि भात पोटाला जड जात नाही. उणीव आहे ती प्रथिनांची. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ती ७ ते ८ ग्रॅमच असतात.

५० किलो वजनाच्या डायालिसिसवरील रुग्णाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. दिवसाचा २५० ग्रॅम तांदूळ त्यापैकी १९ ग्रॅमच्या आसपास देतो. ५० ग्रॅम तुरीची डाळ ११ ग्रॅम देते, दोन अंडी १२ ग्रॅम. रोहू किंवा कतल्याचे १०० ग्रॅम मांस १७ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ६० च्या घरात जाते. या जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलाव आणि नवेगावबांधसारखे जलाशय ध्यानी घेता ताजी मासळी ही येथे चैनीची वस्तू नव्हे. मात्र खारवून सुकविलेली मासळी या रुग्णाने वर्ज्य करावी. मिठाने तहान वाढते आणि अंगावर सूज चढते. शाकाहारी रुग्णासाठी डाळ, पनीर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. फॉस्फरस वाढलेला असेल तर अंड्याचा पांढरा भाग अधिक सोयीचा, कारण त्यात फॉस्फरस अत्यल्प असतो. मधुमेही रुग्णाचे ताट वेगळे असते आणि प्रत्येकाच्या रक्ततपासणीप्रमाणे त्यात फरक होतो, हे सांगावयास नकोच.

पेजेविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. आजारी माणसाला पेज पाजणे ही आपल्याकडील जुनी व मायेची रीत आहे, आणि तापकरी माणसाला ती उत्तमच. परंतु पेज म्हणजे मुख्यतः पाणी. डायालिसिसवरील ज्या रुग्णाची लघवी कमी झाली आहे, त्याला दिवसभरात किती द्रव घ्यावयाचा याची मर्यादा डॉक्टरांनी घालून दिलेली असते. वाडगाभर पेजेने त्यातील मोठा भाग संपतो, पोट टम्म होते, आणि अंगी लागते ते फार थोडे. 'पेज घेतली, म्हणजे जेवण झाले' असा हिशेब येथे धरू नये. त्यापेक्षा मऊ भातावर चमचाभर तेल किंवा तूप आणि घट्ट वरण हे थोडक्या जागेत अधिक बळ देते.

एका वेळी भरले ताट पुढे करण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे. अन्न गरम असताना त्याचा वास अधिक येतो आणि मळमळ वाढते. म्हणून कोमट किंवा थंड पदार्थ पुष्कळदा चालून जातात. जेवणापूर्वी चूळ भरून दात घासल्यास तोंडाची कडवट चव कमी होते. मीठ कमी केल्याने अन्न अळणी लागते, तेथे लिंबू, जिरे, लसूण, कोथिंबीर यांचा उपयोग करावा. बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मात्र घेऊ नये. त्यात पोटॅशियम घातलेले असते आणि ते या रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकते.

घ्रेलिन टोचून भूक वाढविता येईल काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. लंडनमध्ये तो प्रयोग झाला आहे. २००५ साली ९ व २००९ साली १२ कुपोषित डायालिसिस रुग्णांवर. रुग्णांचे खाणे वाढले, हे खरे. पण इतक्या थोड्या रुग्णांवरील थोड्या दिवसांच्या प्रयोगाने औषध सिद्ध होत नाही. घ्रेलिनसारखे काम करणारे अ‍ॅनामोरेलिन नावाचे औषध जपानने २०२१ साली मान्य केले, तेही काही प्रकारच्या कर्करोगात खंगणाऱ्या रुग्णांसाठी. तूर्त तरी भूक परतण्याचे खात्रीचे मार्ग साधे आहेत. डायालिसिस पुरेसा व नियमित होणे, जंतुसंसर्ग व दातांचे दुखणे बरे करणे, रक्तातील आम्लता आटोक्यात ठेवणे, बद्धकोष्ठता व उदासीनता यांकडे लक्ष देणे. दुकानातून भूक वाढविणारे पातळ औषध किंवा कोणाच्या सांगण्यावरून भस्मे आणून देणे धोक्याचे आहे.

डायालिसिस नियमित होणे हे लिहावयास सोपे आहे. केशोरी, चिचगड किंवा दरेकसाच्या बाजूच्या गावातून गोंदियाला आठवड्यातून दोन-तीनदा येणे म्हणजे काय, ते तेथील पंचायत सदस्यांना ठाऊक आहे. पहाटेची गाडी, चार तास यंत्राला जोडून पडणे, परतताना अंगातील त्राण गेलेले. त्या दिवशी सकाळचे जेवण होत नाही आणि रात्रीचे नकोसे वाटते. डायालिसिसच्या दिवशी रुग्ण इतर दिवसांपेक्षा कमी खातात, असे परदेशांतील पाहण्यांतही दिसून आले आहे. आठवड्यातील तीन दिवस असे गेले तर संप्रेरके काय करतील? उपचाराचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, २०१६ पासून राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम आहे, एस.टी.च्या प्रवासात डायालिसिस रुग्णांना सवलतीची तरतूद आहे. परंतु रुग्णाबरोबर शिदोरी जाते की नाही, हे कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही. उकडलेली दोन अंडी, किंवा घट्ट वरण कालवलेला भाताचा डबा बरोबर असावा. तो केव्हा खावयाचा, ते केंद्रातील परिचारिकेला विचारून घ्यावे, कारण यंत्र चालू असताना खाल्ल्याने काहींचा रक्तदाब उतरतो.

दंडाचा घेर

खंगणारा रुग्ण ओळखावा कसा? वजनकाट्यावर विसंबता येत नाही. मांस झडते त्याच वेळी अंगात पाणी साठते आणि काटा जेथल्या तेथे राहतो. कधी तर वजन वाढलेले दिसते आणि घरचे समाधान मानतात. म्हणून डायालिसिस संपल्यानंतरचे वजन तेवढे जमेस धरावे. त्याशिवाय डायालिसिसची शिर केलेला हात सोडून दुसऱ्या हाताच्या दंडाचा घेर शिंप्याच्या साध्या फितीने महिन्यातून एकदा मोजावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. बाईमाणसाच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या, तर ते घरातील बायकांच्या लक्षात सर्वांआधी येते. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

संप्रेरकांच्या तपासण्या संशोधनासाठी आहेत. रुग्णाच्या रोजच्या उपचारासाठी त्यांची गरज नसते. परदेशांतील मोठ्या पाहण्यांत जो प्रश्न वापरला गेला तो कोणासही विचारता येण्याजोगा आहे : गेल्या आठवड्यात तुमची भूक कशी होती? उत्तमच, चांगली, बेताची, कमी, की अगदीच कमी? मधुमेह, रक्तदाब आणि पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल या तिन्ही विकारांतून मूत्रपिंडे बिघडू शकतात. अशा रुग्णांच्या घरी आशा कार्यकर्ती एरवी जातेच. ग्राम आरोग्य समितीच्या सदस्यांनी तिला हा एक प्रश्न वहीत उतरवून घ्यावयास सांगावे. उत्तर सलग दोनदा 'कमी' आले, किंवा दंडाचा घेर उतरला, तर ती नोंद आणि चुलीजवळचा तो पथ्याचा कागद अशा दोन्ही वस्तू रुग्णाने पुढच्या खेपेस डायालिसिस केंद्राच्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. त्यांनी जुन्या कागदावर काट मारून नवी तारीख घातली, म्हणजे घरी डाळ पुन्हा शिजू लागेल.